इमारत मंजूर आहे, म्हणजे ती सुरक्षित आहे का?

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा इथे बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. इमारतीला परवानगी नव्हती, आणि अवघ्या काही महिन्यांत तिचे सात मजले उभे राहिले होते. नंतर अटक झालेल्यांमध्ये बिल्डरांसोबत महापालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवकही होता.

पुढे जे घडलं ते जास्त बोलकं आहे. महापालिकेने बेकायदा आणि धोकादायक इमारतींवर कारवाई सुरू केली, तेव्हा त्याच महिन्यात राज्यातल्या सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या पक्षांनी कारवाईविरोधात ठाणे बंदची हाक दिली. बेघर होणाऱ्या रहिवाशांचा प्रश्न खरा होता. पण हातोडा घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याला संदेशही स्पष्ट मिळाला.

दबाव नेमका कसा येतो?

बेकायदा बांधकामाची नोंद घेऊन नोटीस काढणं हे वॉर्ड पातळीवरच्या अधिकाऱ्यांचं आणि अभियंत्यांचं काम. नोटीस निघतेही. अडतं त्यानंतर. पाडकामाच्या दिवशी पोलीस बंदोबस्त मिळत नाही, वरून फोन येतो, बदलीची टांगती तलवार असते, किंवा तोवर कोर्टाची स्थगिती आलेली असते. दरम्यान खोल्या विकल्या जातात, लोक राहायला येतात. एकदा कुटुंबं राहायला आली की इमारत ही मतपेढी होते.

शेवटचा टप्पा नियमितीकरणाचा. उल्हासनगरच्या ८५५ इमारतींसाठी २००६ मध्ये खास कायदा झाला. २०१७ मध्ये राज्याने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बेकायदा बांधकामं अटींवर नियमित करण्याची वाट काढली. आज नोटीस देणाऱ्या अभियंत्याला माहीत असतं की उद्या मंत्रालयातूनच माफी येऊ शकते. मग वाईटपणा घ्यायचा कशाला?

मग मंजूर इमारत तरी सुरक्षित?

तसंही नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली तारिक गार्डन कोसळली, १६ जण दगावले. ही इमारत कागदोपत्री मंजूर होती आणि जेमतेम दहा वर्षांची होती. बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारासोबत नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

मंजुरीत काय तपासलं जातं हे इथे पाहायला हवं. पालिका प्रामुख्याने नकाशा पाहते: एफएसआय किती, मोकळी जागा किती सोडली, जिना-रस्ता-पार्किंग नियमात बसतं का. इमारतीच्या मजबुतीचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर देतो, आणि त्याची नेमणूक व फी दोन्ही विकासकाच्या हातात असतात. स्लॅबमध्ये लोखंड किती पडलं, सिमेंट कोणतं वापरलं, हे पाहायला पालिकेचा माणूस रोज साइटवर नसतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, एवढंच सांगतं की बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झालं आहे.

शिवाय ते त्या दिवसापुरतं असतं. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात इमारतीच्या आधारालाच धक्का लागल्याचा आरोप झाला, आणि अटक झाली ती स्थानिक राजकीय कार्यकर्त्याला.

उपाय काय?

अपघातानंतर कनिष्ठ अभियंता निलंबित होतो, फोन करणारा मोकळा राहतो. कारण फोनची नोंद नसते. म्हणून पहिली गरज नोंदीची आहे: प्रत्येक नोटीस, तिच्यावरची कारवाई आणि ती का थांबली याचं लेखी कारण लोकांना ऑनलाइन दिसायला हवं. दुसरी, मजबुतीची तपासणी विकासकाच्या पगारी माणसाकडून नको, स्वतंत्र यंत्रणेकडून हवी.

घर घेणाऱ्यांनी ओसी मागायलाच हवी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ओसीशिवाय ताबा देऊ नये असं बजावलं आहे. पण ओसी मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण होता, हेही विचारा. आणि खालच्या मजल्यावर भिंत फुटायला लागली, तर लगेच लेखी तक्रार करा.