मुखत्यार फलंदाज

क्रिकेटच्या मैदानात अकराव्या क्रमांकाचा गोलंदाज बॅट काखोटीला मारून निघाला, की प्रेक्षकांत जी खसखस पिकते तिच्यात उपहासापेक्षा आपुलकीच अधिक असते. कारण ज्याने बळी घ्यावेत त्याने पाळी आली म्हणजे यष्टींसमोर उभेही राहावे, ही त्या खेळाची जुनी वहिवाट असून, २४२ कसोटी बळी घेणाऱ्या भागवत चंद्रशेखरांच्या नावावर अवघ्या १६७ धावा जमा असल्या, तरी त्या वहिवाटीतून त्यांना कोणी सूट दिली नाही. अमेरिकेच्या बेसबॉलने मात्र आपल्या पिचरांना अशी सूट दिली, आणि ती देण्यात प्रमाद केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

धावा आटल्या आणि प्रेक्षकही रोडावले, म्हणून अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरच्या वतीने फलंदाजी करणारा एक मुखत्यार नेमण्याची मुभा संघांना दिली. ६ एप्रिल रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर उभा राहिलेला पहिला मुखत्यार म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग. त्याला पहिल्या पाळीत फटका मारावाच लागला नाही, चार चेंडू हद्दीबाहेर पडल्यामुळे तो चालतच पहिल्या बेसवर गेला, आणि तरीही त्याची बॅट कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात सन्मानाने दाखल झाली! नॅशनल लीग या दुसऱ्या मोठ्या लीगने जवळजवळ अर्धशतक या नियमाला उंबरठ्याबाहेर ठेवले. २०२२ पासून तीही नमली.

नियमाचे कैवारी आकडे पुढे करतात. २०२१ साली पिचरांनी हजार संधींत जेमतेम ११० यशस्वी फटके मारले, हे खरेच. परंतु शाळेच्या संघात जो मुलगा सर्वांत वेगवान चेंडू फेकतो तोच बहुधा सर्वांत लांब फटकाही मारतो, आणि व्यवसायात शिरताच त्याच्या हातून बॅट काढून घ्यायची, वर्षानुवर्षे सराव द्यायचा नाही, आणि मग त्याला फलंदाजी येत नाही असा दाखला त्याच्याच नावे फाडायचा, हा कोणता न्याय?

बेब रूथची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, हे मान्य केले पाहिजे. बोस्टनसाठी १९१६ साली पिचर म्हणून २३ सामने जिंकणाऱ्या या गृहस्थाने १९१९ साली २९ होम रन ठोकले, आणि पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर पिचिंग जवळजवळ सोडूनच दिले. कारण पिचरला चार-पाच दिवसांतून एकदा उतरवता येते, तर फलंदाज रोज हवा असतो. ती निवड होती. कायद्याची सक्ती नव्हती.

जपानच्या शोहेई ओतानीने ती निवडच नाकारली. पिचर म्हणून विश्रांतीला गेल्यावरही फलंदाज म्हणून सामन्यात राहता यावे, यासाठी २०२२ साली नियमात जी दुरुस्ती झाली ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने पहिल्याच डावात मिलवॉकीच्या तिघांना बाद केले, लगेच बॅट घेऊन होम रन मारला, आणि सामना संपेतो अशा थेट (स्ट्राइकआउटने) बाद केलेल्यांची संख्या दहा व होम रनची तीन झाली. त्याचे कौतुक कितीही करावे. पण एका विभूतीसाठी काढलेली सनद मधल्या फळीतल्या शंभरांच्या काय कामाची? आपल्या आयपीएलमधील, सामन्यात मधेच एक खेळाडू बदलू देणाऱ्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमाविषयी मुंबईच्या रोहित शर्माने २०२४ साली हीच तक्रार केली होती: अशा तरतुदीत बळी जातो तो होतकरू अष्टपैलू.

आणि बळी जाते ती गंमतही. ७ मे २०१६ रोजी सॅन डिएगोत न्यूयॉर्क मेट्सचा पिचर बार्टोलो कोलोन फलंदाजीस आला. वय बेचाळीस, पोट सुटलेले, बॅट फिरवताना शिरस्त्राण गळून पडण्याची ख्याती. त्याने मारलेला चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला; त्याच्या आयुष्यातला तो पहिला होम रन. पहिल्या बेसच्या वाटेवर बॅट हातात तशीच धरून, घाई न करता, अर्ध्या मिनिटाने तो फेरी पुरी करून परतला, तो स्वागताला कोणीच नाही. सारे सहकारी थट्टेने आत दडून बसले होते.