‘किफ’ म्हणजे थांब

वाचकहो, आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात असे घर क्वचितच सापडेल, ज्यातला एखादा मुलगा, जावई किंवा भाचा आखाती देशात नाही. कुणी दुबईत, कुणी कुवेतमध्ये, कुणी मस्कतला. पूर्वी ही मुले दोन दोन वर्षांनी सुट्टीवर यायची आणि येताना खजूर, अत्तर आणि कंबल आणायची. आता पुष्कळजण बायकामुलांसह तिकडेच राहतात, स्वतःची गाडी घेतात आणि आईवडिलांना बोलावून घेतात. गाडी असली की शेजारच्या देशात फेरफटका आलाच. बहरैनची मंडळी समुद्रावरच्या पुलावरून सौदीत जातात, कुवेतची मंडळी उमऱ्यासाठी मोटारीने निघतात आणि दुबईची मंडळी ओमानला जातात. म्हणून या महिन्यात थोडे परक्या रस्त्यांविषयी आणि तिथल्या पाट्यांविषयी बोलावे, असे मनात आले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे दुबईला मुलाकडे होतो. ऑगस्टचे ऊन असे की दुपारी गॅलरीत पाय ठेववत नाही. एक दिवस मुलगा म्हणाला, “अब्बा, पाऊस बघायला सलालाला जाऊ.” ओमानच्या दक्षिणेला जोफार प्रांतात सलाला हे शहर आहे. जून ते सप्टेंबर तिथे मान्सूनचे वारे पोचतात, डोंगर हिरवे होतात, धुके उतरते, रिमझिम सुरू राहते. या ऋतूला तिकडे ‘खरीफ’ म्हणतात. आपला शेतकरी ज्याला खरीप म्हणतो, तोच हा शब्द. रस्त्याच्या कडेला नारळ आणि केळी, टपरीवर शहाळी. आमच्या घरातून तर तिथे पोचल्यावर डोळेच भरून आले. “हे तर आपलं गावच आहे,” त्या म्हणाल्या.

पण तिथे पोचण्याआधी तयारी बरीच करावी लागली, ती सांगतो. गाडीचा दुबईतला विमा ओमानात चालेलच असे नसते. पॉलिसीत ओमान धरलेले आहे का ते पाहावे लागते, नसेल तर वेगळा विमा घ्यावा लागतो. मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे कार्ड, जवळ हवे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतिपत्र हवे. आमचा दुबईचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असता, तर सीमा ओलांडल्यावर परत येता आले नसते. मुलाने तो आधीच अनेक वेळा प्रवेशाचा काढला होता. ओमानचा ई-व्हिसाही घरूनच काढला. नाक्यावर गेल्यावर बघू, हा आपला स्वभाव तिथे उपयोगाचा नाही.

दुबईहून अल ऐन, मझयदच्या नाक्यावरून ओमानात, पुढे इब्री, निझवा, आदम, हैमा, थुमरैत आणि मग सलाला. सुमारे बाराशे किलोमीटरची वाट. निम्म्याहून अधिक वाळवंट, दोन पेट्रोल पंपांमध्ये लांबच लांब अंतर. पंपाजवळ बहुधा लहानशी मशीद असते, त्यामुळे नमाजची सोय होते आणि चालकाला विश्रांतीही मिळते. अर्धी टाकी उरली की पुढच्या पंपावर भरून घ्यायची, हा मुलाचा नियम चांगला होता.

नात नऊ वर्षांची. नाजरा कुरआन पूर्ण होत आलेले. तिने मागच्या सीटवर एक खेळ काढला. रस्त्यावरची प्रत्येक अरबी पाटी मोठ्याने वाचायची. पाट्यांवर जबर, जेर, पेश काही नसते, त्यामुळे पोरगी अडखळायची आणि सूनबाई, जी तिकडे एका दवाखान्यात काम करते, ती सुधारून द्यायची. आम्हाला तर हा खेळ मोठा शिकवून गेला. साठ वर्षे आम्ही ही अक्षरे वाचत आलो, पण रस्त्यावर ती समोर आली की नुसती बघत बसतो.

महामार्गावरून बाहेर पडण्याच्या वाटेवर ‘मखरज’ लिहिलेले होते. नात म्हणाली, “दादा, मखरज तर हलकातून हर्फ निघतो ती जागा ना?” बरोबर. निघण्याची जागा म्हणजे मखरज, मग ते अक्षर असो की मोटार. ‘खतर’ म्हणजे धोका, हे सांगायलाच नको. ‘मम्नूअ’ म्हणजे मनाई. ‘सुरअत’ म्हणजे वेग. ‘यमीन’ उजवीकडे, ‘यसार’ डावीकडे. ‘मुस्तश्फा’ म्हणजे रुग्णालय, त्यात आपला ‘शिफा’ शब्द दडलेला आहे. ‘तहवीला’ म्हणजे रस्ता वळवला आहे. ‘जमारिक’ म्हणजे सीमाशुल्काचा नाका. आणि लाल अष्टकोनी पाटीवर दोनच अक्षरे, काफ आणि फे. ‘किफ.’ नातीने ती लगेच ओळखली. आपल्याकडच्या कुरआनच्या प्रतींत ओळीच्या वर लहान खुणा असतात, कुठे थांबावे आणि कुठे थांबू नये हे सांगणाऱ्या. त्यांत ‘किफ’ही आहे. जिथे वाचणारा न थांबता पुढे जाण्याचा संभव असतो, तिथे ती असते. अर्थ एकच, थांब.

आकड्यांचेही तसेच. ओमानात वेगाच्या पाटीवर अरबी आणि इंग्रजी दोन्ही आकडे दिसतात. घाईत नजर अरबी आकड्यावर पडली तर घोटाळा होतो, कारण तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

अक्षर वाचता आले नाही तरी आकार सांगतो. १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरील खुणांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे आणि आखातात पाट्यांचे मुख्य आकार त्याच धर्तीचे आहेत. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते किंवा मर्यादा घालते. निळे वर्तुळ हुकूम करते, असेच जा. उलटा त्रिकोण म्हणतो, आधी दुसऱ्याला जाऊ दे. तपकिरी पाटी किल्ला, गुहा अशी पाहण्याजोगी जागा दाखवते. त्रिकोणात उंटाचे चित्र दिसले तर गंमत म्हणून फोटो काढत बसू नये. उंटाचे पाय उंच, मोटारीचा पुढचा भाग पायांना लागतो आणि सगळे धड काचेवर येते. म्हणून जाणती माणसे त्या वाळवंटातून रात्री गाडी चालवणे टाळतात.

सवयीचाही एक धोका आहे. दुबईत पाटीवरच्या आकड्यापेक्षा वीस किलोमीटर जास्त वेग झाला तरी कॅमेरा दंड करत नाही. मुलाच्या पायाला तीच सवय. पण अबू धाबीत ही सवलत २०१८ पासून बंद आहे आणि अल ऐन हे अबू धाबीतच येते. म्हणजे सीमा ओलांडण्याआधीच घरची सवय चुकीची ठरते. ओमानात तर पाटीवरचा आकडा हाच खरा धरावा. आपल्याकडून गेलेल्या माणसाने आणखी एक लक्षात ठेवावे. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे चौकातल्या गोलाला वळसा आपल्या उलट दिशेने घालायचा आणि गोलात आधीच असलेल्या गाडीला पहिला मान द्यायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ती गोष्ट.

परतीच्या वाटेवर आम्ही निझवाला मुक्काम केला. रविवारी सकाळी मिस्फात अल अब्रियीन हे डोंगरावरचे जुने गाव पाहिले. मातीची घरे, पायऱ्यांसारखी खजुराची शेते, पाटातून खळखळणारे पाणी. निघायला उशीर झाला. सोमवारी सकाळी मुलाला कामावर हजर व्हायचे होते, म्हणून त्याने जवळची आडवाट धरली. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते, पण मागे डोंगरावर आभाळ काळे झाले होते.

एका ठिकाणी रस्ता खाली उतरून वादीतून जात होता. वादी म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत असणारा ओढा. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांचे खांब होते आणि रस्त्यावरून गढूळ पाणी वाहत होते. फार वाटत नव्हते. आमच्या पुढची एक मोठी जीप पाणी उडवत पार झाली.

सूनबाई म्हणाली, “अहो, थांबू या. पाणी लाल पट्ट्याला लागलंय.”

मुलगा म्हणाला, “पुढची गाडी गेली ना? तुला गाडी चालवता येते का? जरा गप्प बस.”

ती गप्प बसली. आम्ही दोघे मागे बसलो होतो. आम्हीही गप्प बसलो. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला पडा, असे स्वतःला सांगितले. खरे म्हणजे आम्हालाही घरी पोचण्याची घाई होती. गाडी उतारावर सरकू लागली. तेवढ्यात नात पाटी वाचून ओरडली, “किफ! अब्बू, किफ लिहिलंय! थांबायचं लिहिलंय!”

मुलाने ब्रेक दाबला. पुढची चाके पाण्यापासून दोन हातांवर होती. पाटीवर खाली इंग्रजीतही लिहिलेले होते, पाणी लाल रंगावर असेल तर थांबा. ते त्याला वाचता येत होते, पण त्याने पाहिले नव्हते. गाडी मागे घेऊन आम्ही चढावर उभे राहिलो.

पंधरा-वीस मिनिटांत पाण्याचा आवाज बदलला. डोंगरावर पडलेला पाऊस उघड्या खडकावर मुरत नाही, सगळाच्या सगळा वादीत उतरतो. म्हणून वर ऊन असताना खाली पूर येतो. आमच्या डोळ्यांदेखत पाणी वाढत गेले, खांब दिसेनासे झाले, एक आख्खे झाड आडवे वाहत गेले. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार उचलली जाऊ शकते, दोन फूट असेल तर बहुतेक गाड्या जातात. वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घालणे हा ओमानात गुन्हा मानला जातो, तो उगाच नाही.

आम्ही कोकणची माणसे, पाण्याची ओळख असणारी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पाण्यात गेल्या, ती रात्र आमच्याकडे कुणी विसरलेले नाही. त्या चालकांना काही कळायला वेळच मिळाला नव्हता. आम्हाला तर पाटीने सांगितले होते, खांबाने सांगितले होते आणि शेजारी बसलेल्या माणसाने सांगितले होते.

तीन तास आम्ही तिथे थांबलो. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांनी सगळ्या अडकलेल्या गाड्यांतून कहवा आणि खजूर फिरवले. सूनबाई एकदाच बोलली, तेही हळू आवाजात, “मी तेच म्हणत होते. मुलीचं ऐकलंत, माझं नाही.”

मुलाने मान खाली घातली. आमची मान त्याहून खाली गेली. कारण आमच्या घरातून आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “ही तुमचीच बोली आहे. तुम्ही स्कूटर घेतलीत तेव्हा मला हेच म्हणत होतात.” खरे होते. पोराने गाडी चालवायला दुबईत शिकून घेतले, पण बायकोला गप्प करायला तो आमच्याच घरात शिकला होता. आणि त्या उतारावर आम्ही तोंड उघडले नाही, याचा जाब आम्हालाच स्वतःला द्यावा लागणार होता.

मुलाने माफी मागितली, आमच्यासमोरच. पुढचा सगळा रस्ता सूनबाई पाट्या वाचत होती आणि तो “हो, बघितलं” म्हणत होता. दुबईत परत आल्यावर तिने चालकपरवान्याच्या वर्गात नाव घातले. फी मुलानेच भरली. दुसऱ्या दिवशी इमारतीखाली एका पाटीवर ‘मम्नूअ अल वुकूफ’, म्हणजे इथे गाडी थांबवू नये, असे दिसले. आमच्या घरातून हसून म्हणाल्या, “वुकूफ म्हणजे थांबणं आणि उर्दूत वुकूफ म्हणजे समजही. ज्याला वुकूफ नाही तो कोण, हे तुम्हाला माहीत आहेच.”

तेव्हा वाचकहो, ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी एवढे करावे. कागदपत्रे निघण्याआधी तपासायला सांगावे. घरातल्या मुलांना पाट्यांवरचे हे दहा-बारा शब्द शिकवावेत, अक्षरे तर त्यांना येतातच. आणि गाडीत बसल्यावर प्रवासाची दुआ झाली की एक ठरवून टाकावे, की ‘थांब’ हा शब्द कुणीही उच्चारला, बायकोने, आईने किंवा लहान मुलीने, तरी आधी गाडी थांबेल आणि मग चर्चा होईल. चर्चेला पुढे वेळ मिळतो. त्या दिवशी आम्हाला मिळाला, अल्हमदुलिल्लाह.