सातबाऱ्यावरील नाव

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. त्या ठरावाची वार्ता लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील एखाद्या शिवारात पोहोचली असेल, असे आम्हांस वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये ठराव व्हावेत, जिनिव्हात त्यांवर चर्चा झडाव्यात, आणि औसा, निलंगा, देगलूर, हदगाव येथील बाईने मात्र दिवस उगवण्यापूर्वी घरचे आवरून नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावरील सोयाबीनमध्ये खुरपणीस जावे, हा क्रम इतका जुना झाला आहे की त्याचे कोणासही नवल राहिलेले नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सहकार्याने स्त्रियांचे हक्क पुढे जातात, असे कोणी म्हटले की मराठवाड्यातील सुशिक्षित गृहस्थ सभ्यपणे मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो. हे हसणे सर्वस्वी अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते अर्ध्याच हकीकतीवर उभे आहे, हे दाखविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९९३ हे साल आठवावे. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. ९ जुलै रोजी भारताने स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्यासंबंधीच्या, सीडॉ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७९ सालच्या जागतिक करारास अनुसमर्थन दिले. आणि ३० सप्टेंबर रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गाडली गेली. पहिल्या दोन घटना दिल्लीतील कागदावर घडल्या, तिसरी मराठवाड्याच्या काळजावर. या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढील पाच वर्षांत तो संबंध आपोआप जुळून आला.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाचे साहाय्य घेतले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. इतर शेकडो गावांतील घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः, सरकारी अर्थसाहाय्याने करावे, अशी योजना झाली. लोकसहभागावाचून हे काम होणार नाही, हे स्पष्ट होते. मात्र गावसभा भरविली की पारावर पुरुष बसत आणि बाया दाराआडून ऐकत. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. इंजिनियराकडून माहिती घ्यावी, हप्ता का अडला ते विचारावे, भिंतीत आडवे दगड नीट बसले की नाहीत ते पाहावे, ही कामे त्या करू लागल्या. ज्या बाईने चावडीची पायरी कधी चढली नव्हती, ती तहसील कचेरीत जाऊन साहेबांस प्रश्न विचारू लागली. भूकंपाने घराच्या भिंती पाडल्या, तशी एक न दिसणारी भिंतही त्याने पाडली, असे म्हणावयास हरकत नाही.

या कामाचा पुढचा भाग आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या या स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगावयास गेल्या. १९९९ च्या भूकंपाने पोळलेल्या तुर्कस्तानातील महिला गटांशीही अनुभवाची देवाणघेवाण झाली. २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक या संस्थेस मिळाले, ते मराठवाड्याच्या अवर्षणग्रस्त गावांतील स्त्रियांनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर मागून घेऊन त्यात कमी पाण्यावर धान्य आणि भाजीपाला पिकविला, त्या कामाबद्दल. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातील ही गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा अर्थ आम्ही हाच समजतो. वरून खाली पैसा आणि उपदेश येणे हा त्याचा एक भाग झाला. एका शिवारातील शहाणपण दुसऱ्या देशातील शिवारापर्यंत पोहोचणे हा त्याचा अधिक मोलाचा भाग होय.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. परक्यांच्या पैशाने आणि परक्यांच्या कल्पनांनी आमच्या घरात ढवळाढवळ कशास, असे विचारले जाते. या आक्षेपास इतिहासच उत्तर देतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर रोजी, मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाने मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द होते; तेथे 'सर्व मानव' हे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. तेव्हा या कल्पना परक्या कशा? त्या घडविण्यास आपलाही हात लागला आहे. पुढे राष्ट्रसंघाने महिला वर्ष पाळण्याचे ठरविले आणि त्याच १९७५ साली महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या महामंडळाने २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने 'तेजस्विनी' कार्यक्रम राबविला, त्यात नांदेड आणि लातूरच्या खेड्यांतील बचत गट होते. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले, त्यास आधार घेतला तो सीडॉ कराराचाच.

असे असूनही एक गोष्ट जागची हललेली नाही, आणि तीच मुख्य आहे. ती म्हणजे जमीन. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास आहे. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, सरकारी अनुदान मिळत नाही, आणि नवऱ्याने आत्महत्या केली तर वारस नोंदीसाठी त्याच बाईस सासरच्या मंडळींच्या मर्जीवर राहावे लागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावाने ती प्रत्यक्षात आणून दाखविली. शासनानेही पत्नीचे नाव उताऱ्यावर लावण्याची सोय केली. परंतु ही सोय पतीच्या इच्छेवर ठेवली गेली, आणि इच्छा हा हक्क होऊ शकत नाही. वारसा हक्काचा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींच्या बाजूने दुरुस्त केला. त्यावर आमच्या समाजाने शोधलेला उतारा म्हणजे हक्कसोड पत्र. भावाची माया आणि माहेरची वाट या दोहोंची किंमत म्हणून बहीण सही करते, आणि तिच्या त्या त्यागाचे आपण कौतुक करतो. या सह्या करवून घेणाऱ्यांत शिकलेले लोक थोडे नाहीत. नांदेड आणि लातूर शहरांतील प्राध्यापक, वकील, डॉक्टर यांनी आपापल्या घरातील फेरफार एकदा उघडून पाहावेत.

भारताने सीडॉ कराराच्या विवाह आणि कुटुंबविषयक कलमांबाबत, समाजांच्या खासगी बाबींत त्यांच्या संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे धोरण जाहीर करून ठेवले आहे. परंतु ग्रामीण स्त्रियांसंबंधीच्या चौदाव्या कलमास अशी कोणतीही अट जोडलेली नाही. कर्ज, बाजारपेठ आणि जमीन सुधारणा यांत समान वागणूक देण्याचे वचन त्यात आहे आणि ते आपण बिनशर्त दिलेले आहे. मग ते पाळण्यास अडचण कोणती? पत्नीचे सहधारक म्हणून नाव लावणे पतीच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बंधनकारक करावे, हक्कसोड पत्र नोंदविताना बहिणीस तिचा वाटा किती हे अधिकाऱ्याने एकांतात समजावून सांगावे, आणि जमीन नावावर नसली तरी प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीस शेतकरी म्हणून दाखला मिळावा, एवढ्या तीन गोष्टी महाराष्ट्र शासनास करता येण्यासारख्या आहेत. त्यांस जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही.

जागतिक वर्षे येतात आणि जातात. १९७५ चे वर्ष मागे एक महामंडळ ठेवून गेले. महिला शेतकरी वर्षाने आमच्या तलाठ्याच्या दप्तरात काय ठेवले, हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला तर देण्यासारखे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. किल्लारीच्या स्त्रियांनी पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून रस्ता काढला. त्यांच्या नावासाठी एका उताऱ्यावर एक ओळ मोकळी करणे हे त्याहून कठीण काम असेल, असे आम्हांस वाटत नाही.