भूल आणि जागर

हृदयशस्त्रक्रियेची गोष्ट निघाली की घरोघरी पहिली चौकशी होते ती शल्यविशारदाची. त्यांचा हात कसा, आजवर किती शस्त्रक्रिया केल्या, हे सारे विचारले जाते. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः शल्यविशारदाचे लक्ष हृदयावर खिळलेले असते. उरलेला सगळा माणूस भूलतज्ज्ञाच्या स्वाधीन असतो.

आम्हां हैदराबादकरांना हा विषय परका नसावा. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद मिटविण्यासाठी १८८८ व १८८९ साली याच शहरात निजामांच्या आश्रयाने दोन आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे अध्वर्यू. प्राण्यांवरील शेकडो प्रयोगांनंतर निर्वाळा मिळाला, की श्वास आधी थांबतो. तेव्हा नजर श्वासावर ठेवावी. पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखविले, की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवून प्राण घेऊ शकते. श्वासावर लक्ष ठेवण्याचा उपदेश योग्यच होता. पण हृदयाला निर्दोष ठरविणे चुकीचे होते.

आज भूलतज्ज्ञ दोन्हींवर क्षणोक्षणी नजर ठेवतो. मनगटाच्या धमनीतील बारीक नळीवाटे रक्तदाब अखंड मोजला जातो. हृदय थांबवून करावयाच्या शस्त्रक्रियेत रक्ताभिसरण व श्वसन यांचे काम यंत्राकडे जाते. अशा यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे केली. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते आणि काम संपताच त्याचा प्रभाव उतरवावा लागतो. विसावलेले हृदय पुन्हा भार पेलू लागते, ती घटका मोठ्या कसोटीची.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ येऊन प्रश्न विचारतात, तो उपचार समजू नये. तंबाखू, मिश्री, मद्य यांविषयी सुनेसमोर वा मुलासमोर सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर त्यांना क्षणभर बाहेर पाठवावे. पण सांगावे खरेच. वैद्यांचे काढे, रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्या, हलणारा दात, कवळी, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, काहीही लपवू नये. कोणती गोळी बंद करावी हे डॉक्टरांनीच ठरवावे. उपाशी राहण्याची आज्ञाही काटेकोर पाळावी. भुलीत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात उतरले, तर ते जिवावर बेतते. ‘घोटभर चहाने काय होते’ ही माया तेथे घातक ठरते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जागा होतो, तेव्हा बहुधा श्वासनलिकेत नळी असते. बोलता येत नाही. हे आधी समजावून सांगितले असेल, तर घाबरगुंडी उडत नाही. वृद्ध माणसे कधी एक-दोन दिवस भ्रमिष्टासारखी बोलतात, स्थळकाळ विसरतात. नातलगांनी धीर सोडू नये आणि परिचारिकेस ताबडतोब कळवावे. चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचा आवाज यांचा अशा वेळी मोठा आधार होतो.

येथे आपल्यासारख्या कुटुंबांची एक विशेष अडचण आहे. आयुष्यभर बाजारात तेलुगू, कचेरीत हिंदी वा इंग्रजी सफाईने बोललेले आजोबा त्या गुंगीत केवळ मराठीच बोलू लागतात, आणि परिचारिकेला ते उमगत नाही. त्यासाठी आमची एक सूचना आहे. ‘दुखते’, ‘तहान लागली’, ‘श्वास घेता येत नाही’, ‘चष्मा हवा’ असे चार-सहा शब्द एका पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावेत आणि शेजारी तेलुगूत त्यांचा अर्थ द्यावा. रुग्णाने बोट ठेवले की काम झाले. हा पुठ्ठा आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना दाखवून परिचारिकेकडे सोपवावा.