ट्रंकेतला इतिहास

वाशीम ही वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, हे आपण अभिमानाने सांगतो. या अभिमानाला भक्कम पुरावा लाभला तो १९३९ साली, विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट वाशीमात उजेडात आला तेव्हा. य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी तो वाचला आणि वाकाटकांची एक शाखा इतिहासाला ज्ञात झाली. कारंजाच्या जैन भांडारांनी अपभ्रंश ग्रंथांची हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन ती जगापुढे आणू शकले. जतन करणारे होते, म्हणून इतिहास राहिला.

आज आपण काय जतन करीत आहोत? १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याआधीचे येथील नागर जीवन सरकारी दप्तरात कितीसे सापडणार? ते सापडेल घरातल्या ट्रंकेत. बालाजी मंदिरासमोरचे समूहचित्र, कापसाच्या गाड्यांनी भरलेला बाजार, कारंजाच्या स्थानकातील ‘शकुंतला’ गाडी, लग्नपत्रिका, दुकानाची खातेवही, आणीबाणीत कारागृहातून आलेले पोस्टकार्ड. मुले पुण्यामुंबईस स्थायिक होतात, जुना वाडा पाडला जातो आणि ही ट्रंक रद्दीत जाते.

यात आपलाही दोष आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा कार्यकर्त्याचा गुण खरा. परंतु प्रसिद्धी टाळणे वेगळे आणि पुरावा नाहीसा होऊ देणे वेगळे. ज्यांनी नाव मागितले नाही, त्यांचे नाव जपण्याचे दायित्व पुढच्या पिढीचेच असते.

मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० पासून कौटुंबिक छायाचित्रे आणि त्यांमागील कथा एकत्र करण्याचे काम आरंभले. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथे हे का होऊ नये? त्यासाठी मोठा निधी लागत नाही. घरातील वृद्धांजवळ बसावे. छायाचित्रातील व्यक्ती, स्थळ, वर्ष विचारून मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे. चिकटपट्टी लावू नये. संगणकावर प्रत घ्यावी, पण मूळ टाकू नये. आणि केवळ प्रतिष्ठितांच्या वाड्यांपुरते न थांबता प्रत्येक आळीत, प्रत्येक समाजाच्या घरी जावे. अन्यथा तो नगराचा इतिहास होणार नाही.

नाव नसलेले छायाचित्र मुके असते. त्याला वाचा देणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्या हयातीतच हे पितृऋण फेडले पाहिजे.