सहा डिसेंबरची लोकल आणि आपलं गप्प बसणं

सुट्टीत भिलाईला घरी गेले की शेजारचे काका हमखास विचारतात, "मुंबईत बरं असेल ना? लोकलमध्ये कोण कुणाची जात बघतो!" सेमिनारमध्येही हेच ऐकते, फक्त शब्द जड असतात. गेली तीन वर्षं मी सेकंड क्लासचा पास काढून कल्याण-दादर प्रवास करते, लेडीज डब्यातून. म्हणून सांगते, हे अर्धंच खरं आहे.

खरं अर्धं आधी मान्य करू. तिकीट खिडकीवर आडनाव विचारत नाहीत. चौथ्या सीटवर अंग चोरून बसताना शेजारणीचा खांदा कुणाचा आहे, हे कुणी तपासत नाही. ज्यांच्या आज्यांना विहिरीपासून लांब उभं राहावं लागलं, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

पण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेला १९०१ सालचा प्रवास आठवा. घरातल्या मुलांबरोबर ते वडिलांना भेटायला निघाले. आगगाडीचा प्रवास मजेत झाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, आणि मुलं महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसेना. बैल मुलांनीच हाकले. गाडीत जात कुणी विचारली नव्हती, म्हणून ती संपली होती असं नाही. ती पुढच्या स्टेशनवर उभी होती.

लोकलमध्येही तसंच. पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" तो सीटसाठी. रोजची ओळख झाली की दुसरा प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय गं तुझं?" तो कशासाठी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि सहा डिसेंबरला तर प्रश्नही लागत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी पांढऱ्या साडीतल्या तीन म्हाताऱ्या कल्याणला आमच्या डब्यात चढल्या. हातात पिशव्या, त्यात बांधून आणलेल्या भाकऱ्या. ग्रुपमधली एक जण मोठ्याने म्हणाली, "आज फुकट्यांचा दिवस. उद्यापर्यंत दादरला नाक धरून उतरा." चारजणी हसल्या. म्हाताऱ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. समाजशास्त्रात एम.ए., जातीवर पीएच.डी. चालू, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. कारण त्या ग्रुपला माझं पूर्ण नाव अजून माहीत नव्हतं.

त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर आज देते. विनातिकीट प्रवास बारा महिने चालतो. टीसी रोज दंड करतात. पकडलेल्याची जात मात्र वर्षातून एकदाच काढली जाते. गणपती विसर्जनाच्या रात्री जादा लोकल धावतात, आषाढीला पंढरपूरसाठी विशेष गाड्या सुटतात. त्या गर्दीला 'भाविक' म्हणतात. सहा डिसेंबरला नागपूरहून विनाआरक्षित विशेष गाड्या येतात, रात्री जादा लोकलही धावतात, आणि तीच गर्दी 'फुकटी' ठरते. कचरा सगळ्याच गर्दीचा होतो. तो दुसऱ्या दिवशी झाडतं कोण, हेही एकदा बघा. शिवाजी पार्कवरून परतणाऱ्यांच्या पिशव्यांत पुस्तकं असतात, तीही बघा.

मी भिलाईची आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. आमच्या प्लांटच्या रेल मिलमधून २६० मीटर लांबीचे रूळ देशभर जातात. पण १ जुलै १९९२ ला भिलाईच्याच पॉवर हाऊस स्टेशनात, कायम नोकरी आणि पोटापुरती मजुरी मागणारे कामगार रुळांवर बसले, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक माणसं मेली. नऊ महिन्यांपूर्वी, २८ सप्टेंबर १९९१ ला, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा खून झाला होता. रूळ घडवणाऱ्या गावात रुळावर बसलेल्या मजुराचं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. ज्यांच्या कष्टावर गाडी चालते, त्यांना प्रवासी म्हणून मोजायचंच नाही, ही सवय दादरला सुरू होत नाही आणि दादरला संपतही नाही.

आता आपल्याविषयी. आपण घरातले पहिले पदवीधर. फास्ट-स्लो कळते, इंडिकेटर वाचता येतो, इंग्रजीत भांडता येतं. आणि नेमकं सहा डिसेंबरला आपण निळी रिबन बॅगेत ठेवतो. ही सावधगिरी मला समजते. नोकरी, भाड्याची खोली, गाइडची सही, सगळं पणाला असतं. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत त्या तीन म्हाताऱ्या चुकवतात.

सुमारे १,१०० किलोमीटर बसून दुर्ग-भिलाईहूनही लोक येतात. चैत्यभूमी पश्चिमेला, मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल ओलांडून जायचं, हे त्यांना सांगणारं कुणी तरी हवं. यंदा मी दादरच्या पुलावर उभी राहणार आहे, रिबन लावून. आणि डब्यात कुणी 'फुकटे' म्हणालं, तर आधी माझं पूर्ण नाव सांगणार आहे.

तुम्ही कुठे उतरणार?