गुराब म्हणजे नुसते ‘जहाज’ नव्हे

मराठा आरमारावरील बहुतेक लेखांत आणि चित्रफितींत एकच शब्द भेटतो: जहाज. फार तर ‘युद्धनौका’. घोडदळ, पायदळ आणि तोफखाना यांना सरसकट ‘माणसे’ म्हणण्यासारखेच हे आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचा एक सुभा पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा असावा, असे सांगितले आहे. दोन्ही शब्दांच्या जागी ‘जहाजे’ घातली की हाती उरतात वीस जहाजे. एका गुराबेमागे तीन गलबते कशासाठी, हा प्रश्न मग कोणाला पडतच नाही.

त्याचे उत्तर बांधणीत आहे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दोहोंचे तपशीलवार वर्णन केले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. तिची नाळ, म्हणजे पुढचा भाग, लांब व निमुळती. तेथील तोफा थेट समोर मारा करीत. गलबत लहान आणि हलके. शिडाखेरीज ते चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चाले.

वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळे. त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींत, पिछाडी दुबळी. नेमके त्याच बाजूने गलबते वल्ही मारीत आणि गुराबांना दोरांनी ओढीत आणीत. गुराबांनी शत्रूच्या डोलकाठ्या निकामी केल्या की गलबतांवरील सैनिक त्याच्या जहाजावर चढत. एकमेकांवाचून दोघी अपुऱ्या. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा धाक या जोडीवर उभा होता. केवळ ‘शौर्य’ म्हटल्याने तो उलगडत नाही.

हे शब्द ‘शुद्ध’ नाहीत, ही तक्रारही अधूनमधून कानी येते. नाहीतच. ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आले. ‘गुराब’ अरबी, मूळ अर्थ कावळा. ‘सुकाणू’ अरबी, ‘नाखवा’ फारसी. शतकानुशतके अरबस्तानाशी व्यापार करणाऱ्या किनाऱ्याची भाषा दुसरी कशी असणार? ‘नौदल’ आजच्या दलाला शोभते. अठराव्या शतकातील कोकणाच्या किनाऱ्यावर ते उपरे वाटते.

गंमत अशी की, हा भेद शत्रूने जपला. इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ ही वेगवेगळी नावे आढळतात, आणि मुंबईच्या कंपनी सरकारने स्वतःच्या ताफ्यातही या नौका बाळगल्या. पुढे फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेही पेशवे इंग्रजांच्या बाजूस असताना.

आज त्याच आरमाराच्या गौरवाची भित्तिचित्रे निघतात. त्यांत पुष्कळदा एखादे उंच, अवजड युरोपीय जहाज भगवा झेंडा लावून उभे असते. तोफा सगळ्या कुशीत. नाळेवर एकही नाही.